खाणवाल्याची सही

पुतळा कुणाचा जाळायचा, याचे आपल्याकडे काही अलिखित संकेत आहेत. मुख्यमंत्र्यांचा जाळतात, पालकमंत्र्यांचा जाळतात, उसाचा भाव अडला तर कारखान्याच्या चेअरमनचा जाळतात. फीत कापणाऱ्याचा सहसा कुणी जाळत नाही. रॉकेल वाया जातं. पण ७ सप्टेंबर १९०७ रोजी, शनिवारी, कॅनडाच्या व्हँकुव्हर शहरात हजारोंची मिरवणूक निघाली आणि तिने पुतळा जाळला तो थेट लेफ्टनंट गव्हर्नरचा. म्हणजे प्रांताच्या राज्यपालाचा. ज्याने अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याने लिहिलेलं भाषण वाचायचं, पाहुण्यांना चहा पाजायचा आणि समोर येईल त्या कागदावर राजाच्या नावाने सही करायची, त्याचा.

माणसाचं नाव जेम्स डन्सम्यूर. ब्रिटिश कोलंबियाचा सर्वांत मोठा कोळसा खाणमालक. आधी आमदार, मग प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, मग राज्यपाल. आपल्याकडे आधी कारखाना, मग बँक, मग शिक्षणसंस्था आणि मग आमदारकी अशी चढण असते. डन्सम्यूरच्या घरात कोळसा, आमदारकी, रेल्वे आणि राजभवन असा क्रम लागला. शिक्षणसंस्था त्यांच्याही वाड्यात निघाली, पण मालक गेल्यावर.

बापापासून सुरुवात करावी लागेल. रॉबर्ट डन्सम्यूर हा स्कॉटलंडच्या एअरशायरमधला खाणकामगार. हडसन्स बे कंपनीचा करार करून, बायकापोरं घेऊन, पॅसिफिकच्या काठी आला. वाटेत, १८५१ मध्ये, फोर्ट व्हँकुव्हरच्या ठाण्यावर जेम्स जन्मला. १८६९ मध्ये रॉबर्टला नानाइमोजवळ वेलिंग्टनचा कोळशाचा थर सापडला आणि करारावरचा खाणकामगार मालक झाला. मालक झाल्यावर त्याची स्मरणशक्ती गेली. १८७७ मध्ये कामगारांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा या माजी कामगाराने त्यांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढलं आणि मदतीला सरकारी फौजही आली. १८८२ मध्ये त्याच नानाइमोमधून तो आमदार. मग सरकारने त्याला व्हँकुव्हर बेटावर एस्क्विमाल्ट ते नानाइमो अशी रेल्वे बांधायला सांगितली. बदल्यात साडेसात लाख डॉलर रोख आणि सुमारे वीस लाख एकर जमीन, खालच्या कोळशासकट. बेटाचा जवळपास पाचवा-चौथा हिस्सा एका घराला. १८८६ मध्ये शेवटचा खिळा ठोकायला पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड स्वतः आले. अशा ठिकाणी खिळे ठोकायला पंतप्रधान येतातच.

व्हिक्टोरियात रॉबर्टने क्रेगडॅरॉक नावाचा किल्लेवजा वाडा बांधायला घेतला. वाडा पुरा होण्याआधीच, १८८९ मध्ये तो वारला. मृत्युपत्र उघडलं तर सगळी मालमत्ता बायकोच्या नावे. जेम्स आणि धाकटा अलेक्झांडर, दोघे वर्षानुवर्षं धंदा हाकत होते, एक खाणीवर, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोच्या विक्री कचेरीत. दोघांच्या हाती काही नाही. आईकडून धंदा सोडवून घ्यायला त्यांना दहाएक वर्षं लागली. तो सुटला आणि १९०० च्या जानेवारीत अलेक्झांडर न्यूयॉर्कला वारला. लग्न होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. त्याचा वाटा जेम्सकडे आला, आणि मग अलेक्झांडरच्या बायकोची मुलगी, जी रंगभूमीवरची नामांकित नटी होती, ती एका बाजूने आणि खुद्द आई दुसऱ्या बाजूने कोर्टात. सख्ख्या आईने दावा लावलेला मुख्यमंत्री फार प्रांतांना लाभत नाही. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि जेम्सच्या बाजूने लागला. भाऊबंदकी हा फक्त आपलाच वारसा आहे असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता तो मुख्यमंत्री कसा झाला, ते. गोष्ट राज्यपालांचीच आहे.

त्या वेळी प्रांतात पक्ष नव्हते. आमदार होते, त्यांचे गट होते, आणि गट सकाळी एक तर संध्याकाळी दुसरे. राजभवनात टॉमस मॅकिनिस नावाचे डॉक्टर बसले होते. त्यांना हे पद शोभेचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर पटलं नव्हतं. १८९८ मध्ये निवडणुकीनंतर सभागृह भरायच्या आत त्यांनी टर्नर यांचं मंत्रिमंडळ घालवलं. फेब्रुवारी १९०० मध्ये त्यांच्या जागी आलेल्या सेमलिन यांनाही घरी पाठवलं आणि जोसेफ मार्टिन यांना बोलावलं. मार्टिनच्या मागे किती आमदार, हे सभागृहाने अविश्वास ठरावाने लगेच मोजून दाखवलं: विरोधात अठ्ठावीस, बाजूने एक. तो एक म्हणजे मार्टिन. राज्यपाल अधिवेशन संपवायला आले तेव्हा आमदार उठून चालते झाले. आपल्याकडे भल्या पहाटे शपथविधी उरकला गेला तेव्हा लोकांना वाटलं की असलं काही जगात पहिल्यांदाच घडतंय. मॅकिनिसना निदान पहाटे उठावं लागलं नाही.

जूनच्या निवडणुकीत मार्टिनचा धुव्वा उडाला. मॅकिनिसनी जाता जाता डन्सम्यूरला बोलावून प्रीमियर केलं आणि आठवड्याभरात ओटावाच्या, म्हणजे केंद्रातल्या, लॉरिये सरकारने मॅकिनिसना बडतर्फ केलं. एका बेलगाम राज्यपालाच्या शेवटच्या आठवड्यात आपला नायक मुख्यमंत्री झाला, हे लक्षात ठेवा.

डन्सम्यूरला मुख्यमंत्री व्हायची हौस नव्हती. भाषण जमत नसे, सभागृहाचा कंटाळा. मग कशाला झाला? तर ज्याच्या मालकीचे कोळसा आणि रेल्वे आहेत, त्याला सरकार दुसऱ्याच्या हातात असणं परवडत नाही. मासळीबाजारातल्या बोक्याला राखणदार व्हायला आवडत नसेलही, पण जागा सोडवत नाही.

आणि तिथल्या राजकारणाचा सगळा झगडा एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: आशियाई मजूर. खाणीत चिनी माणूस गोऱ्या कामगाराच्या निम्म्याच्या आसपास मजुरीत राबत होता. गोऱ्या कामगाराला तो नको होता, मालकाला तोच हवा होता. गोऱ्या कामगाराला मत होतं, चिन्याला नव्हतं. त्यामुळे सभागृह दर वर्षी कामगारांसाठी चिनीविरोधी कायदा करी आणि मालक दर वर्षी त्यातून वाट काढी. प्रांताने कायदा केला की चिनी माणसाने जमिनीखाली कामच करायचं नाही. मग युनियन कोलिअरी या डन्सम्यूरच्या कंपनीवर तिच्याच एका भागधारकाने दावा लावला, की कंपनी हा कायदा मोडून चिन्यांना कामावर ठेवते, तिला रोखा. भागधारकाचं नाव जॉन ब्रायडन. जेम्सच्या थोरल्या बहिणीचा नवरा. प्रकरण पार लंडनला गेलं आणि १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की असा कायदा करण्याचा प्रांताला अधिकारच नाही. मेहुणा हरला, कंपनी जिंकली, घरात पुन्हा सगळे एकत्र जेवायला मोकळे. भांडण खरं होतं की लुटुपुटूचं, ते वाचकांनी ठरवावं.

असा मालक मुख्यमंत्रिपदी असताना, १९०० मध्येच, सभागृहाने ‘नाताळ कायदा’ मंजूर केला. नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं, गांधींचं. तिथे हिंदी लोकांना थोपवण्यासाठी १८९७ मध्ये एक सभ्य युक्ती निघाली होती. कातडीचा रंग कायद्यात लिहायचा नाही, फक्त येणाऱ्याने युरोपीय भाषेत लिहून दाखवावं असं म्हणायचं. तुम्हाला तुकोबांची गाथा तोंडपाठ असली तरी तुम्ही निरक्षर. लंडनला ही युक्ती आवडली, कारण त्यात अपमान होतो पण दिसत नाही. ब्रिटिश कोलंबियाने ती उचलली. मुख्यमंत्री डन्सम्यूरने अडवली नाही. अडवायची गरज नव्हती. परदेशी माणूस आणि तह हे ओटावाचे विषय, असे कायदे वर जाऊन रद्द होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसा तो झालाही. मतदार खूश, मजूरही हाताशी.

योगायोग पहा, त्याच सुमाराला डन्सम्यूरने एक्स्टेन्शन खाणीच्या कामगारांसाठी किनाऱ्यावर गाव वसवलं आणि नाव दिलं लेडीस्मिथ, नाताळमधल्याच लेडीस्मिथवरून. बोअर युद्धातला तिथला वेढा नुकताच उठला होता आणि साम्राज्यभर दिवाळी चालली होती. (त्या मोहिमेत जखमी वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात गांधी होते.) रस्त्यांनाही सेनापतींची नावं दिली. वेलिंग्टनच्या कामगारांनी जुनी घरं उचकटून आगगाडीवर लादली आणि नव्या गावी नेऊन उभी केली. मालकाला तसं हवं होतं.

१५ फेब्रुवारी १९०१ ला कम्बरलँडच्या सहा नंबरच्या खाणीत स्फोट झाला. ६४ माणसं गेली. निम्म्याहून जास्त चिनी, काही जपानी. खाणीचा मालक आणि प्रांताचा मुख्यमंत्री एकच. खाणींवर देखरेख करणारं सरकार कुणाचं, असं विचारायचं तर विचारणाऱ्याला दोन पत्रं लिहावी लागली असती, दोन्ही एकाच पत्त्यावर.

नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने राजीनामा दिला. कंटाळा हे कारण त्याच्या बाबतीत खरं मानायला हरकत नाही.

त्याच्या जागी आलेला गृहस्थही व्यापारीच होता, आणि त्याला दोन परिच्छेद दिल्याशिवाय हे सदर पुढे सरकत नाही. एडवर्ड प्रायर. यॉर्कशायरचा खाण अभियंता, एके काळी सरकारी खाण निरीक्षक, मग व्हिक्टोरियात लोखंडी सामानाचं दुकान, मग आमदार, मग खासदार. फ्रेझर नदीवर चिमनी क्रीक इथे पूल बांधायचा होता, त्याला तारेचे दोर लागणार होते. निविदा मागवल्या. निविदा ज्या खात्यात उघडल्या त्याचा कारभार तेव्हा खुद्द प्रायरकडे. कंत्राट मिळालं एडवर्ड जी. प्रायर आणि कंपनीला. प्रायरचं म्हणणं, आपण काही गैर केलं नाही.

आता राजभवनात मॅकिनिसच्या जागी जोली द लोबिन्येर होते. क्यूबेकचे सरळमार्गी म्हातारे गृहस्थ. त्यांनी चौकशीचे कागद वाचले आणि १ जून १९०३ रोजी प्रायरला मुख्यमंत्रिपदावरून काढून टाकलं. तारेच्या दोरासाठी. कॅनडात राज्यपालाने प्रीमियरला बडतर्फ करण्याचा तो शेवटचा प्रसंग. त्यानंतर आजवर नाही. पुढे रिचर्ड मॅक्ब्राइड मुख्यमंत्री झाला आणि त्याने पक्ष आणले, म्हणजे निदान गट सांभाळायला एक कचेरी झाली.

१९०६ मध्ये जोलींची मुदत संपली. स्वतःच्या दुकानाला कंत्राट देणाऱ्या मुख्यमंत्र्याला ज्याने घरी पाठवलं, अशा राज्यपालाच्या जागी लॉरिये सरकारने कुणाला नेमावं? प्रांताच्या सर्वांत मोठ्या कोळसा खाणीच्या मालकाला. खाण विकून नव्हे हो, खाणीसकट.

नेमणाऱ्यांचाही विचार समजण्यासारखा आहे. राजभवन चालवायला खर्च येतो, मेजवान्या द्याव्या लागतात, आणि डन्सम्यूरच्या खिशाला ते जाणवणार नव्हतं. पद शोभेचं, माणूस शोभिवंत. काय बिघडणार?

कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात राज्यपालापुढे विधेयक आलं की तीन वाटा असतात. संमती द्या, रोखा, किंवा केंद्राच्या विचारासाठी राखून ठेवा. आपल्या घटनेच्या कलम २०० ची याच घराण्याशी सोयरीक आहे, आणि अलीकडची काही वर्षं चेन्नईपासून दिल्लीपर्यंत या कलमावरून जे चाललं आहे ते वाचक जाणतातच. एरवी सगळं शोभेचं. पण या तीन वाटांच्या तोंडाशी टेबल असतं, टेबलावर दौत असते, आणि त्या एका टेबलापाशी शोभा संपते.

१९०७ च्या वसंतात विल्यम बाउझर या आमदाराचं विधेयक सभागृहाने मंजूर केलं. पुन्हा तोच नाताळ कायदा, या वेळी रोख मुख्यतः जपान्यांवर. चिन्यांवर केंद्राने डोईपट्टी आधीच पाचशे डॉलर करून ठेवली होती, त्यामुळे चिनी मजुरांचा ओघ आटला होता. खाणींना, रेल्वेला हात हवे होते. ते जपानहून येणार होते. विधेयक राजभवनात आलं. डन्सम्यूरने संमती दिली नाही.

कारण तयार होतं आणि कायद्याच्या दृष्टीने भक्कमही होतं. ब्रिटनची जपानशी मैत्री होती, जपानबरोबरचा व्यापारी तह कॅनडाने नुकताच मान्य केला होता, असं विधेयक तहाच्या आड येतं. कुणीही पोक्त राज्यपाल हेच म्हणाला असता. अडचण एवढीच की हा राज्यपाल वेलिंग्टन कोलिअरीचा मालक होता आणि कॅनेडियन निप्पॉन सप्लाय कंपनी या मजूर पुरवणाऱ्या पेढीशी त्याच्या कंपनीचा करार झाला होता. पाचशे जपानी माणसं पुरवण्याचा.

मुख्यमंत्री असताना ज्याने अशा कायद्याला हात लावला नाही, त्याने राज्यपाल झाल्यावर लावला. कारण मुख्यमंत्र्याला मतं लागतात. राज्यपालाला फक्त मजूर लागत होते.

आता याच अधिवेशनातली दुसरी गोष्ट. ती आपल्या लोकांची आहे आणि या गोष्टीच्या पुस्तकांत ती बहुधा तळटिपेत राहते. तिथे तेव्हा पंजाबातून आलेले काही हजार लोक लाकूड गिरण्यांत आणि रेल्वेमार्गावर राबत होते. त्यातले कित्येक माजी सैनिक, राणीची पदकं छातीवर. त्याच बाउझरने, त्याच सभागृहात, हिंदी लोकांचा प्रांतातला मताधिकार काढून घेणारी दुरुस्ती आणली. ती मंजूर झाली आणि कायदा झाली. इथे ना तह आठवला, ना साम्राज्याची प्रजा आठवली. वर लंडनच्या त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९०२ मध्ये एका जपानी माणसाच्या खटल्यात प्रांताला हवं त्याचं मत काढून घेण्याची मुभा देऊनच ठेवली होती. मत गेलं की ज्यूरीत बसणं गेलं, वकिली गेली, नगरपालिका गेली. पण कोळसा खणायला मत लागत नाही. फावडं लागतं. ते त्यांच्या हातात राहिलं होतं.

दोन विधेयकं, एक अधिवेशन, एक दौत. मजूर येणं थांबवणारा कागद अडला, आलेल्या मजुराचं मत काढणारा कागद पुढे गेला. डन्सम्यूरच्या मनात काय होतं, हे शोधायला त्याची रोजनिशी चाळायची गरज नाही. हजेरीपट पुरे.

मग सप्टेंबर उजाडला. सीमेपलीकडे अमेरिकेत, बेलिंगहॅम गावात, ४ तारखेला जमावाने हिंदी गिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर घालवलं. तीन दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये आशियाई नकोत म्हणणाऱ्या एशियाटिक एक्सक्लुजन लीगची मिरवणूक. डन्सम्यूरचा पुतळा जळाला, भाषणं झाली, आणि मग जमाव चिनी वस्तीत घुसला. काचा फुटल्या, दुकानं फुटली. तिथून पॉवेल स्ट्रीटवर जपानी वस्तीकडे. जपान्यांनी काठ्या-बाटल्या घेऊन जमावाला मागे रेटलं. पुतळा ज्याचा जळाला तो पलीकडे बेटावर, व्हिक्टोरियात. दगड ज्यांना लागले त्यांनी करार केला नव्हता, विधेयकही लिहिलं नव्हतं.

नुकसानभरपाई ठरवायला ओटावाहून मजूर खात्याचा एक तरुण सचिव आला. त्याचं नाव मॅकेन्झी किंग, पुढे कॅनडाचा पंतप्रधान. जपान्यांना नऊ हजार डॉलर, चिन्यांना सव्वीस-सत्तावीस हजार. पण त्याने जाता जाता मजूर पुरवणाऱ्या पेढीची कागदपत्रंही उघडली आणि त्यात राज्यपालांच्या कंपनीचा करार सापडला. प्रांत हादरला, म्हणतात. मला नाही वाटत. खाणमालकाला मजूर हवे असतात हे कळून कोण हादरतं? लोक चिडले ते गुपित कळल्याने नव्हे. माहीत असलेली गोष्ट सरकारी अहवालात छापून आल्याने चिडले.

आणि इथे माझ्यासारख्या सदरलेखकाची पंचाईत होते, कारण खलनायकाने या एका प्रसंगात योग्य तेच केलं. वंशद्वेषी कायदा होता, त्याने सही केली नाही. कामगार नेत्यांकडे शोषणाबद्दलचे सगळे मुद्दे बरोबर होते आणि शत्रू साफ चुकीचा. सभागृहाकडे जनतेचा कौल होता, आणि कौल होता घाणेरडा. राज्यपालाकडे बरोबर उत्तर होतं, गणित मात्र भलतंच. डन्सम्यूरला सहिष्णुतेचं शिफारसपत्र देणारे आजही भेटतात. त्यांनी ते पत्र मजुरीच्या दराशेजारी ठेवून वाचावं.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, सभागृहाने तोच कायदा पुन्हा मंजूर केला आणि या खेपेला त्याला संमती मिळाली. करार उघडा पडल्यावर दौतीतली शाई पातळ झाली असावी. तो कायदा न्यायालयांनी लगेच निकालात काढला. त्या वर्षी ओटावानेच ‘थेट प्रवास’ नावाचा नियम आणून हिंदी लोकांची वाट बंद केली. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ माणसं घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात उभी राहिली ती याच नियमापुढे. हिंदी आणि चिनी लोकांचं मत परत यायला १९४७ उजाडलं, जपान्यांचं १९४९ मध्ये आलं.

आपल्या घटनेचं कलम १५८ सांगतं की राज्यपालाने दुसरं कोणतंही लाभाचं पद धारण करू नये. वाक्य नेटकं आहे. डन्सम्यूरने ते तंतोतंत पाळलं असतं. खाण हे पद नव्हे.

१९०९ च्या अखेरीस, मुदत बाकी असताना, तो राजभवनातून बाहेर पडला. कुणी काढलं नाही, त्याला सागरसफर करायची होती. स्कॉटलंडहून ‘डोलॉरा’ नावाची आलिशान यॉट बांधून आली होती. त्याआधी दोन महिने, ५ ऑक्टोबरला, एक्स्टेन्शन खाणीत स्फोट होऊन ३२ जण गेले. पुढच्या वर्षी त्याने सगळ्या खाणी मॅकेन्झी आणि मॅन या रेल्वेवाल्या जोडीला १.१ कोटी डॉलरला विकल्या आणि हॅटली पार्कच्या नव्या वाड्यात शिकार, मासेमारी, मेजवान्या करत राहिला. धाकटा मुलगा मात्र १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ बोटीबरोबर बुडाला, आणि त्या घरावर हसण्याची माझी हौस तिथे थांबते. वाडा पुढे केंद्र सरकारने ७५ हजार डॉलरला घेतला. तिथे आधी नौदलाची, मग सैनिकी शिक्षणाची संस्था झाली, आता विद्यापीठ आहे. ‘एक्स-मेन’ चित्रपटांत अचाट शक्तीच्या मुलांची जी शाळा दिसते तिचा वाडाही हाच. तुमच्या नातवंडांना डन्सम्यूर ठाऊक नसेल, त्याचा दिवाणखाना ठाऊक आहे.

आणि तारेच्या दोराचा प्रायर? राज्यपालाने हाकललेला मुख्यमंत्री पुढे कुठे जातो, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही राजकारण नवीनच वाचायला घेतलं आहे. डिसेंबर १९१९ मध्ये केंद्र सरकारने त्याला ब्रिटिश कोलंबियाचा लेफ्टनंट गव्हर्नर नेमलं. ज्या पदावरून त्याच्या बडतर्फीच्या कागदावर सही झाली होती, त्याच पदावर. जून १९२० मध्ये डन्सम्यूर वारला आणि डिसेंबरमध्ये प्रायर, पदावर असतानाच.

कॅनडाच्या इतिहासात प्रांताचा राज्यपाल बडतर्फ झाल्याची उदाहरणं दोनच आहेत: १८७९ मध्ये क्यूबेकचे लतेलिए आणि १९०० मध्ये ब्रिटिश कोलंबियाचे मॅकिनिस. पहिले दस्तऐवज करणारे नोटरी होते, दुसरे डॉक्टर. दोघांवरही ठपका होता राजकारणात ढवळाढवळ केल्याचा. धंद्यासाठी अजून एकही गेलेला नाही.